सोळा ओळींतली पोर

आमच्या मंडळाचा चौथा नियम मी स्वतः लिहिला होता आणि मला त्याचा अभिमान होता. होता म्हणतो, कारण आता त्याबद्दल नक्की काय वाटतं ते माझं मलाच सांगता येत नाही. मी चिटणीस. वेणीमाधव तुळजापूरकर, कचेरीतला कारकून. कागद नीट लावून ठेवणं हा माझा धंदा, आणि तरीही या एका कागदाने माझ्या डोक्यात जो घोळ घातला तो अजून निस्तरलेला नाही.

मंडळाचं नाव काव्यपरिमार्जन मंडळ, सोलापूर. नाव जड आहे, मान्य. दर रविवारी दुपारी आम्ही अकरा सभासद मंगळवार पेठेत शरणप्पांच्या कापडदुकानावरच्या माळ्यावर जमत असू. शरणप्पा आमचे अध्यक्ष. लिंगायत व्यापारी, घरात कानडी बोलत आणि कविता मात्र मराठीत करत. कापडाच्या गाठींना टेकून बसायचं, कोऱ्या कापडाच्या खळीचा वास घ्यायचा, शेगडीवरचा चहा प्यायचा आणि एकमेकांच्या कविता सुधारायच्या.

आता तो नियम. पहिल्या वर्षी आमच्या ड्रॉइंग मास्तरांचं आणि होमिओपॅथीच्या डॉक्टरांचं एका चंद्रावरून वाजलं. चंद्र कवितेत ठेवायचा की काढायचा, एवढाच प्रश्न होता. तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी दौत उडाली ती शरणप्पांच्या नव्या कोऱ्या धोतरजोड्यांवर. त्या दिवशी घरी जाऊन मी तडकाफडकी नियम लिहिला: प्रत्येक सभासदाने प्रत्येक कवितेत एक, आणि एकच, दुरुस्ती केलीच पाहिजे. ती त्याने तांबड्या शाईने स्वतः करावी. कवीने ती विनातक्रार स्वीकारावी. सर्वांच्या दुरुस्त्या झाल्यावर चिटणिसाने स्वच्छ प्रत करावी आणि मग कवीने मूळ कागद सर्वांसमक्ष फाडून टाकावा.

फाडण्याचं कलम कुणाला क्रूर वाटेल. पण आमचा एक कवी दुरुस्त कविता मंडळात वाचायचा आणि मूळ कविता बाहेर वाचून आम्हाला नावं ठेवायचा. कागदच नसला की भांडण कशावरून होणार? खरोखरच भांडणं थांबली. मला त्या वेळी आपण फार शहाणे आहोत असं वाटलं होतं.

कुंडलिकला मंडळात आणलं शरणप्पांनी. तो माढ्याकडचा, टेंभुर्णीजवळच्या एका खेड्यातून आलेला, गिरणीत विणकामाच्या खात्यात मागावर होता. शरणप्पांच्या दुकानात खणाचं कापड घ्यायला आला असताना वरून आमचे आवाज ऐकू आले, तेव्हा म्हणाला, "वर भजन हाय का?" शरणप्पा म्हणाले, "भजन नव्हे, कविता." तर हा म्हणाला, "मी बी एक केलीया." माझ्या कपाळाला आठ्या पडल्या होत्या, हे कबूल करतो. रात्रशाळेत अक्षरं शिकलेला माणूस. त्याची काय कविता असणार? पण शरणप्पांपुढे कोण बोलणार? माळा त्यांचा.

भाद्रपदातल्या एका रविवारी कुंडलिकने आपली कविता वाचली. वाचली कसली, म्हटली. जात्यावर बायका म्हणतात त्या चालीवर, मान खाली घालून. कविता त्याच्या मुलीवर होती. सहा वर्षांची होती, तीन वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत गेली. मुलीचं नाव बजी. कुंडलिकच्या आईचं नाव बजाबाई, तेच तिला ठेवलेलं. ती रोज गिरणीच्या दारावर बापाची भाकरी घेऊन यायची, असं काहीसं त्या कवितेत होतं. काहीसं म्हणतो, कारण नेमके शब्द मला आठवत नाहीत. आठवत नाहीत, हेच तर माझं दुखणं आहे.

 डॉक्टरांनी नाक शिंकरलं. शरणप्पा कानडीत हळूच काहीतरी पुटपुटले. मला स्वतःलाही ते लागलं आणि त्याचा रागही आला. मग मी चिटणीस या नात्याने तांबड्या शाईची दौत पुढे सरकवली.

सुरुवात रावजी वकिलांनी केली. रावजी फौजदारी वकील, बोलणं तुकड्यातुकड्यांत, समोर साक्षीदार असल्यासारखं. ते म्हणाले, "गिरणीचं दार नको. मार्शल लॉ उठून तीन वर्षं झाली, पण पोलीस अजून सगळं वाचतात. कवितेत गिरणीच्या दारावर गर्दी दिसली की चौकशी येईल. देऊळ घाला." झालं, गिरणीच्या दाराचं देवळाचं दार झालं.

आता देवळाच्या दारात भाकरी घेऊन मुलगी कशाला उभी राहील? शरणप्पांनी भाकरीचा नैवेद्य केला. नैवेद्य आला म्हणजे भाकरी बांधलेलं फडकं चालेना, डॉक्टरांनी ताट आणलं. ताट हातात असलेल्या मुलीला काही रूप पाहिजे, म्हणून ड्रॉइंग मास्तरांनी तिला सुवर्णकांती दिली. ते म्हणाले, "चित्रात रंग पाहिजे." अशी एकेक दुरुस्ती पुढच्या दुरुस्तीला हाताला धरून आणत होती आणि प्रत्येक वेळी आम्हाला वाटत होतं की आता जमलं. कुंडलिक प्रत्येकाच्या तोंडाकडे बघून मान हलवत होता. शिकलेली माणसं आपल्या पोरीसाठी एवढी मेहनत घेताहेत, याचंच त्याला अप्रूप वाटत असावं.

मंडळात एकच बाई होत्या, मुलींच्या शाळेतल्या गोदावरीबाई. त्यांची पाळी आली तेव्हा म्हणाल्या, "मला काही बदलायचं नाही."

"नियम आहे, बाई," मी म्हणालो.

"नियम आहे हे ठाऊक आहे, वेणूपंत. पण बदलण्यासारखं काही नाही."

"प्रत्येकाने एक दुरुस्ती केलीच पाहिजे, असं स्पष्ट लिहिलं आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की शाळेतल्या मुली त्यांना का घाबरत असतील ते मला कळलं. मग टाक उचलून त्यांनी एका ओळीत स्वल्पविराम दिला. "हा घ्या. तुमचा नियम राहावा म्हणून."

शेवटची पाळी माझी. तोवर कवितेत देऊळ, नैवेद्य, ताट, सुवर्णकांती असं सगळं बसलं होतं आणि मध्येच एक "बजी" तेवढी उरली होती. ती काही केल्या तिथे शोभेना. सुवर्णकांतीची बजी! मी ते नाव खोडलं आणि वर तांबड्या अक्षरांत "बाला" लिहिलं. अक्षर माझं चांगलं आहे, छापल्यासारखं. लिहून झाल्यावर मी मान मागे घेऊन ते बघितलंही.

मी स्वच्छ प्रत करून घेतली, मग नियमाप्रमाणे कुंडलिकने मूळ कागद फाडला. दोनदा फाडला आणि तुकडे हातात धरून इकडेतिकडे बघत राहिला. मी ते घेऊन शेगडीत घातले. त्यावर त्या दिवशीच्या चहाला उकळी आली आणि आम्ही तो प्यायलो.

मी ती प्रत मंडळाच्या वहीत उतरवत बसलो होतो. बाकीची मंडळी उतरून गेली होती. कुंडलिक मात्र समोर उकिडवा बसून राहिला. म्हणाला, "पंत, संक्रांतीला मंडळाची मोठी सभा असती न्हवं? बायामानसं बी येत्यात?"

"येतात की."

"मग तितं वाचाया मिळंल का मला? वच्छलाला आनावं म्हंतो." वच्छला म्हणजे त्याची बायको. "पोर गेल्यापास्नं घरात तिचा इषय न्हाई. मी काडला की ही उठून जाती. भांडी घासाया जाती, न्हाईतर शेजारी महादेवीकडं जाती. तीन वर्सं झाली, तिच्या तोंडातनं पोरीचं नाव आयकलं न्हाई मी. म्हून म्हटलं, चार लोकांत वाचलं तर ती उठून जायाची न्हाई. बसून आयकंल."

"ऐकेल," मी म्हणालो आणि लिहीत राहिलो. त्या क्षणी मी "देवळाच्या दारी उभी, बाला सुवर्णकांतीची" ही ओळ उतरवत होतो. नाव खोडून अर्धा तासही झाला नव्हता, आणि तरी माझ्या डोक्यात काही आलं नाही. टाक थांबला नाही. आज हे लिहिताना स्वतःच्या कानशिलात मारावीशी वाटते.

पुण्याच्या एका मासिकाची काव्यस्पर्धा होती. आमच्या वहीतल्या तीन कविता दरवर्षी मी पाठवत असे आणि दरवर्षी काही कळत नसे. या वेळी कळलं. मार्गशीर्षात पत्र आलं: श्री. कुंडलिक यांची "बाला" ही सोळा ओळींची कविता प्रथम क्रमांकासाठी निवडली आहे. फक्त एक गोष्ट हवी. ही कविता कवीची स्वतःची, दुसऱ्या कोणाचेही साहाय्य न घेता केलेली रचना आहे, असा मंडळाच्या चिटणिसाच्या सहीचा दाखला पाठवावा.

मी ते पत्र माळ्यावर मोठ्यांदा वाचलं आणि शेवटचं वाक्य वाचताना आवाज आपोआप खाली आला.

प्रथम सगळ्यांना आनंद झाला. मग रावजी वकील म्हणाले, "दाखला कसा देणार?"

"का? कविता कुंडलिकची आहे," मी म्हणालो.

"देऊळ कुणाचं?"

"तुमचं."

"मग?"

इथून जो गोंधळ सुरू झाला तो चार रविवार चालला. ज्या नियमाने तीन वर्षं भांडण होऊ दिलं नव्हतं, त्याने साठवून ठेवलेलं सगळं भांडण एकदम बाहेर काढलं. मास्तर म्हणाले, परीक्षकांनी सुवर्णकांतीचा खास उल्लेख केला आहे, ती माझी. डॉक्टर म्हणाले, कांती कुणाचीही असो, ताट नसतं तर ती उभी कुठे राहिली असती? मी पाटीवर ओळी मांडल्या आणि प्रत्येकाने आपला हक्क सांगितला. अर्ध्या ओळीचे हक्क धरून ओळी सोळा आणि हक्क एकवीस भरले. माझी बेरीज कधी चुकत नाही, पण मी तीनदा मांडलं आणि तिन्ही वेळा एकवीसच.

"यातली कुंडलिकची किती?" गोदावरीबाईंनी विचारलं.

ते कुणी मोजलंच नव्हतं. मोजायला मूळ कविता पाहिजे होती आणि ती आम्ही चहाखाली जाळली होती. मी सगळ्यांना विचारलं, मूळ कुणाला आठवते? प्रत्येकाला आपण घातलेला शब्द आठवत होता. आपण कोणता शब्द काढून तो घातला, हे नेमकं सांगायला कुणी तयार नव्हतं. शरणप्पांनी डोळे मिटून आठवून बघितलं आणि ते म्हणाले, "भाकरी होती एवढं खरं. कशी होती, ते गेलं."

रावजींनी दोन्ही बाजूंनी वाद घातला, कारण समोर दुसरा वकील नव्हता. एका रविवारी ते म्हणाले की ही सामाईक मिळकत आहे आणि पुढच्या रविवारी म्हणाले की दानपत्र झालेलं असल्याने दात्यांचा हक्क उरत नाही. मला पहिलंही पटलं आणि दुसरंही पटलं. दाखला नाही दिला तर कुंडलिकचा नंबर जाणार, मासिकात नाव येणार नाही, आणि मोठ्या सभेत वाचायला आम्ही त्याला कोणत्या तोंडाने उभा करणार? दिला तर मी कारकून माणूस खोट्यावर सही करणार. आणि ते खोटं होतं का, तेही मला ठरवता येईना. दुःख त्याचं होतं. चाल त्याची होती. बाकी काय होतं त्याचं?

या सगळ्यात कुंडलिक कोपऱ्यात गाठीला टेकून बसायचा. त्याला विचारलं की एकच उत्तर: "तुमी म्हनाल तसं."

शेवटी मी त्याच्या घरी गेलो. गिरणीच्या चाळीत माझा कधी पाय पडला नव्हता. रविवारची सकाळ होती. वच्छलाबाई उंबऱ्यापाशी ज्वारी निवडत होत्या. मला बघून पदर सावरून आत गेल्या, घोंगडं झटकून टाकलं आणि गुळाचा खडा, पाणी पुढे ठेवलं. बाई उंच, हाडापेराच्या, बोलणं कमी. मी कशाला आलो ते त्यांना माहीत नव्हतं. कवितेचं घरी बोलायचं नाही, असं कुंडलिकने ठरवलं होतं. त्या सूप घेऊन बाहेर गेल्यावर मी हलक्या आवाजात विचारलं, "कुंडलिकराव, तुम्ही पहिल्यांदा वाचलीत ती कविता मला सांगा. जशीच्या तशी. मी लिहून घेतो. मग तुमचं काय आणि आमचं काय ते माझ्या ध्यानात येईल."

त्याने डोळे मिटले. चाल गुणगुणली. "देवळाच्या दारी उभी..." म्हणून थांबला. मान हलवली. पुन्हा चाल धरली. "करी नैवेद्याचं ताट..." पुन्हा थांबला. 

"ती न्हाई येत, पंत," तो म्हणाला. "सभेत चुकू न्हाई म्हून रोज मागावर हीच घोकली. धोटा हिकडं गेला की एक वळ, तिकडं गेला की दुसरी. आता तोंड उगडलं की हीच येती. पयली आठवाया गेलं तरी हीच आडवी येती."

"पण मुलगी तर आठवते ना?"

 "आठवती की," तो म्हणाला, आणि पुन्हा डोळे मिटून म्हणाला, "ताट घेऊन उभी दिसती."

मला तिथे बसवेना. पाण्याचा तांब्या तसाच ठेवून मी उठलो. बाहेर वच्छलाबाई ज्वारीतले खडे वेचून एका बाजूला टाकत होत्या. मी त्यांना नमस्कार केला की नाही, तेही आठवत नाही.

त्याच दुपारी मी दाखल्यावर सही केली. का केली? विचार करून केली, असं मला म्हणता येत नाही. मला वाटलं, एवढं सगळं त्या माणसाचं आपण घेतलं, निदान नाव तरी त्याचं राहू दे. आणि मला असंही वाटलं की वच्छलाबाईंनी एकदा ती कविता ऐकली की सगळं जागच्या जागी बसेल. आईला कळल्याशिवाय राहणार नाही. सोळा ओळींत कुठेतरी तिची पोर असेलच. आम्हाला दिसत नाही, पण तिला दिसेल. मी या एका गोष्टीवर सगळी भिस्त टाकली.

संक्रांतीनंतरच्या रविवारी शाळेच्या मोठ्या खोलीत सभा झाली. शंभर एक माणसं होती. डाव्या हाताला बायकांची बैठक. वच्छलाबाई शेजारच्या महादेवीबरोबर आल्या होत्या, काठाचं लुगडं नेसून, दुसऱ्या ओळीत, भिंतीकडेला. मी मुद्दाम त्यांना भिंतीकडेला बसवलं होतं. उठायचं म्हटलं असतं तर चौदा बायकांना ओलांडून जावं लागलं असतं. कुंडलिकने माझ्याकडे बघून मान हलवली. कविता छापून आलेलं मासिक त्याच्या हातात होतं.

शरणप्पांनी त्याची ओळख करून दिली, पुण्याचं पत्र वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या. कुंडलिक उभा राहिला आणि त्याने चाल धरली.

देवळाच्या दारी उभी, बाला सुवर्णकांतीची,
करी नैवेद्याचं ताट, जणू मूर्तीच शांतीची...

मी कुंडलिककडे बघतच नव्हतो. मी वच्छलाबाईंकडे बघत होतो. पहिल्या दोन ओळी झाल्या. त्या उठल्या नाहीत. चार झाल्या, आठ झाल्या. त्यांनी मान एका बाजूला कलती करून ऐकायला सुरुवात केली. बाराव्या ओळीला, मुलगी देवाघरी जाते तिथे, त्यांनी पदराने डोळे टिपले. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी मनात म्हणालो, जमलं. वेणीमाधवा, उगीच डोक्याचा भुगा करून घेतलास. कुंडलिकनेही ते बघितलं असावं, कारण शेवटच्या ओळीला त्याचा आवाज फाटला आणि लोकांनी टाळ्यांचा पाऊस पाडला.

सभा संपली. मी पानसुपारीचं तबक घेऊन दाराशी उभा होतो. खोली रिकामी होत आली होती. गोदावरीबाई खुर्च्या मोजून घेत होत्या. कुंडलिक वच्छलाबाईंना घेऊन माझ्याकडे आला. त्याचा चेहरा असा उजळला होता की त्याच्याकडे बघून मलाच भरून आलं.

"कशी वाटली कविता, बाई?" मी विचारलं.

"लई ग्वाड हाय वो," वच्छलाबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे अजून ओले होते. "जीव कळवळला आयकून. कुनाची पोर हुती ती?"

 कुंडलिकने माझ्याकडे बघितलं.  

"तुमचीच, वच्छलाबाई," मी कसंबसं म्हणालो. "कुंडलिकरावांनी तुमच्या मुलीवर केली आहे."

त्या जरा हसल्या. मोठ्या माणसाचं काही चुकलं तर त्याला वाईट वाटू नये म्हणून हसतात तशा. "न्हाई वो, पंत. तुमी आमची बजी बगितली न्हाई."

बजी. तीन वर्षांत पहिल्यांदा. 

"आमची काळी हुती," त्या म्हणाल्या. "काळी म्हंजी कशी, माज्यावानी. आन् शांत कुटली? दारावरचा मुकादम आत सोडंना तर त्याला उभ्यानं शिव्या द्यायची. समद्या गिरनीला ठावं हुती. फुडचे दोन दात पडल्याले, तरी शिव्या काय चुकायच्या न्हाईत. आन् भाकरी आनायची व्हय, पर येताना वाटंत निम्मी खाऊन आनायची. ह्येनी इचारलं की म्हनायची, कावळ्यानं नेली." त्यांनी कुंडलिककडे बघितलं. "ती कवितंतली पोर गुणाची हाय. मला लई वाईट वाटलं तिचं. पर ती आमची न्हवं."

मी कुंडलिककडे बघण्याचं टाळत होतो. दाखल्यावरची माझी सही, तांबड्या शाईतलं ते अक्षर, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. काहीतरी बोलायला पाहिजे होतं. चूक झाली, असं म्हणायला पाहिजे होतं. पण नेमकी कुणाची, कितवी चूक, ते मला मांडता येईना.

कुंडलिक मात्र बायकोच्या जवळ सरकला. हातातलं मासिक त्याने कधी खाली ठेवलं ते मला दिसलं नाही.

"आन्?" तो म्हणाला. "आन् काय काय करायची ती? सांग की. माज्यातनं गेलंय समदं."

वच्छलाबाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. मग तिथेच एका बाकावर त्या टेकल्या आणि सांगू लागल्या. कुंडलिक त्यांच्या पुढ्यात जमिनीवर बसला. गोदावरीबाई खुर्च्या मोजायच्या थांबल्या. मी तबक हातात धरून तसाच उभा होतो. थांबावं की जावं, ते मला कळेना.